स्क्रीन काळी पडली की आधी कोणाला धरायचं?

माझा मावसभाऊ कराडला फोटो स्टुडिओ चालवतो. गेल्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, रात्री अकराला त्याचा फोन आला. "दादा, अल्बमची पानं एक्स्पोर्टला टाकली की स्क्रीन काळी होते. दोन-तीन सेकंदांनी परत येते, पण तोवर सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतं. आज तर निळी स्क्रीन आली आणि मशीन आपोआप रिस्टार्ट झालं."

त्याआधीच्या पंधरा दिवसांत काय काय झालं होतं ते ऐका. रिपेअरवाल्याने आधी फॉरमॅट मारून दिलं. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या आणि परत बसवली. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला. शेवटी निकाल लागला, "ग्राफिक कार्ड गेलंय, नवीन टाका." नव्या कार्डाचा आकडा ऐकल्यावर त्याला माझी आठवण झाली होती.

कार्ड ठणठणीत होतं. बिघडलं होतं ते कार्डाला काम सांगणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. हा बिघाड सर्रास आढळतो, दुरुस्तीला दमडी लागत नाही, आणि तरी आपल्याकडे तो सगळ्यात शेवटी तपासला जातो. कारण उघड आहे: ड्रायव्हर बदलून कुणाचा सुटा भाग खपत नाही.

ड्रायव्हर म्हणजे मुकादम

नावामुळेच घोटाळा होतो. ड्रायव्हर म्हटलं की गाडीचा चालक डोळ्यांपुढे येतो. त्यापेक्षा ऊसतोडीतला मुकादम आठवा. साखर कारखाना एकेका तोडकऱ्याशी बोलत बसत नाही. त्याचं बोलणं मुकादमाशी: अमक्या गटातला ऊस, एवढ्या गाड्या, उद्या सकाळपर्यंत. टोळीतलं कोण कुठल्या सरीला लागणार, मोळ्या कोण बांधणार, गाडी कोण भरणार, हे मुकादम बघतो. ऑफिसला टोळीतली नावं माहीत नसतात आणि टोळीला ऑफिसची दारं.

कॉम्प्युटरमधलं ऑफिस म्हणजे विंडोज. टोळी म्हणजे ग्राफिक कार्डावरची मुख्य चिप, जीपीयू. नेहमीच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ, सोळा असे मोजके पण हुशार कामगार असतात. जीपीयूमध्ये हजारो असतात. आरटीएक्स ४०६० या मधल्या दर्जाच्या कार्डात ३,०७२. एकेकटा फार हुशार नसतो, पण कामच तसं आहे. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात आणि साध्या मॉनिटरवरसुद्धा ते सगळे सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवायचे असतात. इथे एका पंडिताचं काम नाही, हजार हातांचं आहे.

या हातांना काम वाटून देणारा मुकादम म्हणजे ड्रायव्हर. एनव्हिडियाच्या टोळीची बोली वेगळी, एएमडीची वेगळी, इंटेलची वेगळी, आणि एकाच कंपनीतही पिढीगणिक ती बदलते. म्हणून मुकादम ज्याची टोळी त्याच कंपनीचा लागतो. कुठलाच ड्रायव्हर टाकला नाही, तर विंडोज आपला बदली माणूस उभा करतं, त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर. त्याला पडद्यावर चित्र आणता येतं, बाकी फारसं काही नाही. पण हा बदली माणूस लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे काम आहे.

माऊस-कीबोर्डचे ड्रायव्हर चिमुकले असतात. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मात्र शेकडो एमबीचा अवजड ऐवज असतो. गेमच्या आणि सॉफ्टवेअरच्या सूचना चिपच्या बोलीत बदलणारं अख्खं यंत्र त्याच्या पोटात असतं. शिवाय 'हा गेम आला तर असं कर, ते सॉफ्टवेअर आलं तर तसं कर' अशा खास नोंदींची चोपडी असते ती वेगळीच. मोठा गेम बाजारात आला की त्याच सुमारास नवा ड्रायव्हर येतो तो या नोंदींसाठी. दर महिन्या-दोन महिन्याला मुकादम बदलणारा कारखाना कल्पून बघा, म्हणजे घोळ कुठून सुरू होतात ते कळेल.

एका मुकादमामुळे अख्खा कारखाना का थांबतो?

ब्राउझर, वर्ड, टॅली ही मंडळी कारखान्याच्या बाहेरच्या यार्डात उभी असतात. यार्डात एखादा ट्रॅक्टर बंद पडला तर चार जण मिळून त्याला बाजूला ढकलतात आणि रांग पुढे सरकते. आपण अडकलेला प्रोग्रॅम बंद करतो आणि बाकीचं काम चालू ठेवतो, ते हेच.

पण आत, बॉयलरपाशी, बाजूला ढकलायला जागा नसते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या या आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात. मेमरी, डिस्क, सगळ्यांच्या चाव्या तिथे. तिथे कुणाचा हात चुकला तर विंडोज भोंगा वाजवून सगळं थांबवतं. निळी स्क्रीन म्हणजे तो भोंगा. तिचा राग येतो खरा, पण गोंधळ आणखी पसरून तुमच्या फाइलींची माती होऊ नये म्हणून विंडोजने स्वतःहून ओढलेला तो ब्रेक असतो. (२०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी ही स्क्रीन निळीऐवजी काळी करायचं जाहीर केलं. रंग बदलला, पोटातला गोळा तोच.)

१९ जुलै २०२४ रोजी विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले होते, ते आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं कर्नलमध्ये चालणारं सॉफ्टवेअर एका सदोष अपडेटने कोसळलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली. त्या प्रकरणात ग्राफिक्सचा काही संबंध नव्हता. पण बॉयलरपाशी उभ्या असलेल्याची चूक कितीला पडते, ते जगाने पाहिलं.

मग ग्राफिक्सवाल्याला आत घेतलंच कशाला? वेगासाठी. दर ऑर्डरला गेटवर थांबून सही घ्यायची तर गाडी हलायलाच उशीर. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये मायक्रोसॉफ्टने चित्रं काढण्याचा बराच कारभार कर्नलमध्ये नेला आणि वेग मिळाला, पण एका ड्रायव्हरच्या चुकीने सगळं कोसळायचा धोकाही आत आला. पुढे विंडोज व्हिस्टा या आवृत्तीत ड्रायव्हरचे दोन भाग केले गेले. किचकट आणि चुकायची शक्यता जास्त असलेलं काम यार्डात, आणि अगदी गरजेचं तेवढंच आत. आजचं विंडोजही याच व्यवस्थेवर चालतं.

दोन सेकंदांचा हिशोब

व्हिस्टानेच आणखी एक पहारेकरी बसवला. त्याचं आखूड नाव टीडीआर. टोळी वेळेत हलली का ते बघणं आणि नसेल हलली तर सावरणं, एवढंच त्याचं काम. जीपीयूला दिलेल्या कामाची दोन सेकंदांत काही हालचाल दिसली नाही, तर हा पहारेकरी टोळी अडकल्याचं गृहीत धरतो आणि तिला नव्याने उभी करतो. पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो, आणि डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं पण आता तो सावरला आहे अशा अर्थाची नोंद होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये या नोंदीचा क्रमांक ४१०१ असतो.

मावसभावाची दोन-तीन सेकंदांची काळी स्क्रीन ती हीच. विंडोज सावरतं, पण त्या क्षणी ज्या सॉफ्टवेअरचा माल टोळीच्या हातात होता, त्याचा अर्धा ऊस फडातच राहतो. म्हणून अल्बमचं सॉफ्टवेअर बंद पडायचं.

हे मिनिटभरात पाचपेक्षा जास्त वेळा घडलं, किंवा टोळी नव्याने उभीच राहिली नाही, तर विंडोजचा संयम संपतो आणि भोंगा वाजतो. त्या स्क्रीनवर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं लिहिलेलं असतं आणि कोड ११६ चा असतो.

यूट्यूबवर एक उपाय फार फिरतो: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या वहीत, जाऊन त्या दोन सेकंदांचे आठ-दहा करा. थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्यांना याचा खरा उपयोग आहे, कारण त्यांचा एकेक हिशोब लांबलचक असतो; टोळी अडकलेली नसते, ऊसच दाट असतो. पण ज्याचा ड्रायव्हर खरोखर अडकतोय त्याला याने एवढंच मिळतं की दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद काळा पडदा बघत बसायचं.

त्यापेक्षा कामाची गोष्ट सांगतो. पडदा गोठला किंवा काळा झाला, पण आवाज येतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, तर पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये याने ग्राफिक्स ड्रायव्हर तेवढाच नव्याने सुरू होतो. बीप वाजतो, पडदा लुकलुकतो आणि अनेकदा न सेव्ह केलेलं काम हाताला लागतं.

"मेसेजमध्येच ड्रायव्हरचं नाव आहे, मग झालं की!"

इथे माणसं फसतात, आणि दोन्ही बाजूंनी फसतात. रिपेअरवाला ड्रायव्हरकडे बघतच नाही. उलट इंटरनेट वाचून आलेला हौशी प्रत्येक क्रॅश ड्रायव्हरच्या नावावर टाकतो.

निळ्या स्क्रीनवर कधी कधी फाइलीचं नाव येतं. एन-व्ही ही अक्षरं सुरुवातीला असतील तर बहुधा एनव्हिडियाची, ए-एम-डी किंवा ए-टी-आय असतील तर एएमडीची, आय-जी-डी असतील तर इंटेलची. डी-एक्स-जी दिसलं तर ती विंडोजची स्वतःची ग्राफिक्सची फाइल. पण नाव आलं याचा अर्थ एवढाच की मशीन पडलं तेव्हा ड्यूटीवर हा होता. गाडी घाटात बंद पडली की स्टिअरिंगवर ड्रायव्हरच सापडतो. डिझेलमध्ये पाणी कुणी घातलं ते वेगळं शोधावं लागतं.

याचं अलीकडचं मोठं उदाहरण इंटेलचं. २०२३-२४ मध्ये अनेकांचे गेम सुरू होतानाच 'व्हिडिओ मेमरी संपली' असा मेसेज देऊन कोसळू लागले. व्हिडिओ मेमरी म्हणजे ग्राफिक कार्डावरची मेमरी, तेव्हा सगळ्यांचा संशय कार्डावर आणि ड्रायव्हरवर. लोकांनी ड्रायव्हर दहा-दहा वेळा टाकले. एप्रिल २०२४ मध्ये एनव्हिडियानेच आपल्या ड्रायव्हरसोबत सूचना दिली की इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर आधी इंटेलकडे चौकशी करा. पुढे इंटेलने मान्य केलं की हे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतून झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बायोसच्या (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेटमधून दुरुस्ती आली आणि अशा प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. आधीच झिजलेली चिप मात्र त्या अपडेटने बरी होत नाही. म्हणजे मेसेज ग्राफिक्सचा, रोग प्रोसेसरचा.

मग ओळखायचं कसं?

पहिला प्रश्न: बिघाड ड्रायव्हर कामावर यायच्या आधीच दिसतो का? मशीन सुरू केल्या केल्या, विंडोज यायच्या आत, मदरबोर्ड कंपनीचं चिन्ह दिसतं किंवा बायोसचा पडदा दिसतो, तेव्हाच रंगीत चौकटी, उभ्या रेघा, ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हरला शिव्या देऊ नका. तो अजून घरून निघालेलाच नाही. कार्ड, केबल किंवा मॉनिटर बघा. केबल आधी, कारण ती स्वस्त असते.

दुसरा प्रश्न: निळी स्क्रीन न येता मशीन पंखा बंद करावा तसं फटकन बंद होतं का? तर वीज, एसएमपीएस किंवा तापमान. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात, खिडकीखाली ठेवलेल्या आणि दोन वर्षांत न उघडलेल्या कॅबिनेटचं हे जुनं दुखणं. आधी धूळ काढा.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा आणि तो कुणीच विचारत नाही: हे कुठल्या तारखेपासून सुरू झालं? हार्डवेअर सहसा हळूहळू जातं; आठवड्यातून एकदा, मग दिवसातून एकदा, मग तासाला. ड्रायव्हरचा बिघाड तारीख धरून येतो. काल होतं, आज नाही.

ही तारीख विंडोज स्वतः लिहून ठेवतं. स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलंत की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं येतं. उघडा. दिवसागणिक एक आलेख दिसतो. ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली, ज्या दिवशी काही नवं बसवलं तिथे निळी खूण. मी मावसभावाला फोनवरच हे उघडायला लावलं. फॉरमॅट झाल्यानंतरचे पहिले दोन दिवस स्वच्छ होते. तिसऱ्या दिवशी सकाळी निळी खूण, डिस्प्ले ड्रायव्हर, विंडोज अपडेटने बसवलेला. त्याच संध्याकाळी पहिली लाल फुली, आणि मग फुल्यांची माळ.

फॉरमॅटनंतर दोनच दिवस बरं का चाललं, हे कोडंही इथेच सुटलं. रिपेअरवाल्याने फॉरमॅटनंतर आपल्या पेनड्राइव्हमधला जुना ड्रायव्हर टाकला होता. तो बरोबर होता. दोन दिवसांनी विंडोजने गुपचूप त्याच्या जागी नवा आणून बसवला. रिपेअरवाल्याने अजाणता योग्य इलाज केला होता, आणि इलाज उलटल्यावर दोष हार्डवेअरला दिला.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएचईए' नावाच्या नोंदी दिसल्या तर मात्र पुन्हा हार्डवेअरकडे वळा. ती तक्रार प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्डने स्वतः केलेली असते.

जुना परत आणायचा, नाहीतर मुळापासून पुसायचा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा. डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्सखाली तुमच्या कार्डाचं नाव दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर या टॅबवर 'रोल बॅक ड्रायव्हर' असं बटण असतं. ते दाबलं की आधीचा ड्रायव्हर परत येतो. मावसभावाचं काम एवढ्यावरच झालं, वेळ लागला चार मिनिटं.

कधी ते बटण फिकं असतं, दाबताच येत नाही. म्हणजे विंडोजकडे आधीचा ड्रायव्हर जपलेला नाही. मग तो काढून नव्याने टाकायचा, पण नुसतं अनइन्स्टॉल केल्याने जुन्या मुकादमाची चोपडी, हिशोबाचे कागद मागे राहतात आणि नवा येऊन त्यातच गोंधळतो. यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवाले त्याला डीडीयू म्हणतात. ते तिन्ही कंपन्यांचे ड्रायव्हर मुळापासून खरवडून काढतं. क्रम महत्त्वाचा आहे. हवा तो ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवायचा. मग इंटरनेटची वायर काढायची किंवा वायफाय बंद करायचं, नाहीतर तुम्ही पुसत असतानाच विंडोज अपडेट तोच बिघडलेला परत घेऊन येईल. मग सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवायचं, रिस्टार्ट, नवा ड्रायव्हर टाकायचा, आणि मग इंटरनेट.

सेफ मोड म्हणजे तो बदली माणूस. कंपनीचा ड्रायव्हर बाहेर ठेवून विंडोज मोजक्या सामानानिशी सुरू होतं. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट केलं की तिथे जायचा रस्ता मिळतो. आणि सेफ मोडमध्ये मशीन तास-दोन तास न अडखळता चाललं, पण नेहमीच्या विंडोजमध्ये दहा मिनिटांत पडलं, तर संशयाचा काटा ड्रायव्हरकडे चांगलाच झुकतो. एक सावधगिरी: नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा कुलूपबंद असते आणि अशा वेळी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, लांबलचक किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. आधी बघून लिहून ठेवा, मगच पुढचं.

लॅपटॉपवाल्यांनी ड्रायव्हर शक्यतो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घ्यावा. तिथे बहुधा दोन टोळ्या असतात, प्रोसेसरमधली छोटी आणि वेगळी मोठी, आणि दोन मुकादमांचं आपसात जमवून देण्याचं काम कंपनीने केलेलं असतं.

नुसता ब्राउझरच काळा होत असेल, व्हिडिओ बघताना, बाकी सगळं ठीक, तर एवढं रामायण नको. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमखाली ग्राफिक्स किंवा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचं बटण असतं. ते बंद करून बघा. टोळीला न बोलावता प्रोसेसर स्वतः चित्र काढेल. थोडं हळू, पण पडणार नाही.

"एवढ्या मोठ्या कंपन्या तपासून का पाठवत नाहीत?"

तपासतात. पण एका बाजूला शेकडो प्रकारची कार्डं, दुसऱ्या बाजूला हजारो मदरबोर्ड, मॉनिटर, विंडोजच्या आवृत्त्या आणि गेम. प्रत्येक जोडी प्रयोगशाळेत लावून बघता येत नाही. मायक्रोसॉफ्टची चाचणी पास होऊन सही मिळालेला ड्रायव्हरसुद्धा तुमच्या टेबलावर पडू शकतो.

विंडोज व्हिस्टाच्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल २००८ मध्ये उघड झाले. त्यात २००७ मधल्या व्हिस्टाच्या क्रॅशचा हिशोब होता: २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर, १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या, ९.३ टक्के एटीआयच्या (एएमडीने विकत घेतलेली ग्राफिक्स कंपनी), ८.८ टक्के इंटेलच्या. एनव्हिडियाच्या नावे मोठा आकडा दिसतो, पण ज्याची कार्डं बाजारात जास्त, त्याच्या नावावर क्रॅशही जास्त दिसणार, हे धरून वाचावं लागतं. आणि तेव्हा व्यवस्थाच नवी होती. सगळ्यांनाच मुकादमी पहिल्यापासून शिकायची होती.

मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण त्याने काही कार्डांच्या पंख्याचा वेग बिनसत होता आणि कार्ड तापत होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या ड्रायव्हरने पंख्यांच्याच बाबतीत घोळ घातला आणि घाईने दुरुस्ती काढावी लागली. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेची कार्डं आली आणि काळ्या पडद्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. एप्रिलमध्ये ५७६.०२ हा ड्रायव्हर दुरुस्त्यांची लांब यादी घेऊन आला. आणि त्यातच नवी चूक निघाली, मशीन झोपेतून उठलं की तापमानाचा आकडा आहे तिथेच अडकायचा. त्यासाठी पुन्हा वेगळी दुरुस्ती. एवढ्या वर्षांत एकही कंपनी या बाबतीत सोवळी राहिलेली नाही, त्यामुळे 'अमक्याचं कार्ड घेतलं की कटकट नाही' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

"मग अपडेट कायमचंच बंद ठेवतो"

हा मोह मला समजतो, पण पूर्ण पटत नाही. ड्रायव्हर बॉयलरपाशी उभा असतो, म्हणून त्यातलं भोक चोरालाही थेट आत नेतं. कंपन्या अशी भोकं बुजवणारे अपडेट काढत असतात, ते घ्यायला हवेत. फक्त पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. नवा गेम खेळायचा नसेल तर नवा ड्रायव्हर पंधरा-वीस दिवस मुरू द्या, तोवर इतरांची डोकेदुखी बाहेर येते. एनव्हिडिया 'स्टुडिओ' नावाचे वेगळे ड्रायव्हर देते, ते एडिटिंग-डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर तपासलेले असतात. एएमडीच्या साइटवर 'रेकमेंडेड' आणि 'ऑप्शनल' असे दोन दिसतील. कामाच्या मशीनवर पहिलाच घ्या.

जुन्या कार्डवाल्यांसाठी एक बातमी. जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही आपल्याकडे सायबर कॅफेपासून डीटीपीच्या दुकानापर्यंत पसरलेली कार्डं. त्यांच्या पिढीसाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. म्हणून कार्ड फेकायची घाई करू नका. उलट ज्या ड्रायव्हरमध्ये नवं काही भरलं जात नाही, त्यात नव्या चुकाही कमी शिरतात. छपाईची डिझाइनं करणाऱ्याला याहून बरं काय हवं?

मावसभावाच्या मशीनवर मी विंडोजला ड्रायव्हर आपणहून आणायची परवानगी काढून घेतली आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' निवडलं. चालणाऱ्या ड्रायव्हरची फाइल आता अल्बमच्या नमुन्यांच्या कपाटात, तारीख लिहिलेल्या पेनड्राइव्हवर आहे. बदललेल्या एसएमपीएसचे पैसे गेले ते गेलेच. आणि नवा ड्रायव्हर टाकायचाच झाला तर तो आता चातुर्मासात टाकतो, लग्नाचे मुहूर्त नसताना. काही बिनसलंच तर निस्तरायला तुळशीच्या लग्नापर्यंत वेळ असतो.